विद्यापीठातलं इंजिनिअरिंग: कोल्हापुरात पालक आणि मुलं विचारतात ते प्रश्न

बारावीचा निकाल लागला की सागरमाळावर, शिवाजी विद्यापीठाच्या आवारात, चौकशीला येणाऱ्यांची रीघ लागते. कागल, गडहिंग्लज, जयसिंगपूर, इस्लामपूर अशा ठिकाणांहून येणाऱ्या बहुतेकांचे प्रश्न विद्यापीठाच्या तंत्रज्ञान अधिविभागाबद्दल, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग विभागाबद्दल, आणि दर वर्षी तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. तारखा आणि शुल्काचे आकडे मुद्दाम दिलेले नाहीत, कारण ते दरवर्षी बदलतात. त्यासाठी सीईटी कक्षाची (राज्याची प्रवेश परीक्षा आणि प्रवेश प्रक्रिया चालवणाऱ्या सरकारी कार्यालयाची) त्या वर्षाची माहिती पुस्तिका हाच आधार धरा, शेजारच्याच्या मुलाचा गेल्या वर्षीचा अनुभव नको.

तंत्रज्ञान अधिविभाग म्हणजे नक्की काय? हे कॉलेज आहे की विद्यापीठ?

शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झालं. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतली शेकडो महाविद्यालयं त्याला संलग्न आहेत. पण विद्यापीठाचे स्वतःचेही विभाग आहेत, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, मराठी, इतिहास असे. त्यांना इथे अधिविभाग म्हणतात. तंत्रज्ञान अधिविभाग हा त्यांतलाच एक, मात्र तो बी.टेक. आणि एम.टेक. चालवतो. म्हणजे इंजिनिअरिंगचं शिक्षण थेट विद्यापीठाच्या छताखाली. इतर अधिविभागांच्या मानाने तो वयाने बराच लहान आहे.

मग इथली डिग्री वेगळी असते का?

डिग्री शिवाजी विद्यापीठाचीच. संलग्न कॉलेजात शिकलात तरी प्रमाणपत्रावर नाव विद्यापीठाचंच येतं. सांगलीचं वालचंद किंवा गोकुळ शिरगावचं केआयटी यांसारख्या स्वायत्त संस्था अभ्यासक्रम स्वतः ठरवतात, परीक्षा स्वतः घेतात, पण पदवी विद्यापीठ देतं. याच भागातली काही कॉलेजं मात्र लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न आहेत. तिथे प्रमाणपत्र लोणेरेचं. अर्ज भरण्याआधी कॉलेज कुणाशी संलग्न आहे ते विचारून घ्या. पालक फी विचारतात, बस विचारतात, हे विचारायचं राहून जातं.

कोणत्या शाखा आहेत?

सिव्हिल, मेकॅनिकल, केमिकल, कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स आणि फूड टेक्नॉलॉजी या ओळखीच्या शाखा. जागा किती, एखादी नवी शाखा सुरू झाली का, हे त्या वर्षीच्या केंद्रीय प्रवेशाच्या (सीईटी कक्षाच्या एकत्रित प्रवेश प्रक्रियेच्या) यादीत पाहा. वेबसाइटवरचं जुनं पान पाहून पसंतीक्रम भरू नका.

मेकॅनिकलला आता काय अर्थ उरलाय? सगळे कॉम्प्युटर म्हणतात.

हा प्रश्न कोल्हापुरात विचारला जावा याचं नवल वाटतं. उद्यमनगरात ऑइल इंजिनं बनवण्यापासून सुरू झालेला इथला कारखानदारीचा पसारा आज शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीपर्यंत गेलाय. गाडी, ट्रॅक्टर, पंप, व्हॉल्व्ह यांना लागणारं बिडाचं कास्टिंग, म्हणजे वितळलेलं बीड साच्यात ओतून केलेला भाग, इथून देशभर आणि देशाबाहेर जातं.

एकच कास्टिंग हातात घ्या. समजा, पंपाची बॉडी. आधी तिचं ड्रॉइंग आणि पॅटर्न (साचा उठवायचा नमुना), ते काम कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग, येणाऱ्याचं. मग साचा. सिलिका वाळूत बेंटोनाइट नावाची चिकट माती, कोळशाची भुकटी आणि पाणी मिसळून साच्याची वाळू तयार होते. त्यात पाणी साधारण तीन-चार टक्के. ते वाढलं की ओतलेल्या धातूच्या उष्णतेने वाफ धरते आणि आत पोकळी राहते, तिला फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) ब्लोहोल म्हणतात. बाहेरून कास्टिंग चकचकीत दिसतं, मशीनवर घेतलं की पोट उघडं पडतं आणि माल परत येतो. त्यामुळे चांगल्या फाउंड्रीत वाळूची ओल, ताकद आणि हवा जाऊ देण्याची क्षमता दिवसभर तपासत राहतात. ही चाचणी बी.टेक.च्या प्रयोगशाळेतही करायला मिळते. मुलं तिला ‘जर्नल भरायचा प्रयोग’ समजतात, आणि शिरोलीत नोकरीच्या मुलाखतीला पहिला प्रश्न तिच्यावरच येतो.

पुढे बघा. भट्टी इंडक्शनची असेल तर वीजबिलाचा हिशेब आणि कंट्रोल पॅनेल इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला कळतं. धातूची रासायनिक जुळणी केमिकल आणि मटेरियल शिकलेल्याला. वापरून झालेली वाळू कुठे टाकायची हा पर्यावरणाचा प्रश्न, आणि तीच वाळू पेव्हर ब्लॉकमध्ये वापरता येते का हे सिव्हिलच्या पोरांच्या प्रोजेक्टचा आवडता विषय. कोणत्या उष्णतेत, कोणत्या पाळीत किती माल खराब निघाला याचा डेटा लावणारा कॉम्प्युटरवाला आता सगळ्यांनाच हवाय. एका बिडाच्या तुकड्यामागे निम्मा अधिविभाग उभा असतो. म्हणून शाखा ठरवताना ‘स्कोप’ हा शब्द बाजूला ठेवा आणि आपल्याला या साखळीत कुठे उभं राहायला आवडेल ते विचारा.

सिव्हिलमध्ये बिल्डरकडे साइटवर उभं राहण्यापलीकडे काय?

पाणी. निदान कोल्हापुरात तरी. नदीवर दगडी किंवा काँक्रीटचे खांब, खांबांना खाचा, पावसाळा संपला की खाचांत बरगे (आडव्या फळ्या) घालून पाणी अडवायचं आणि पुढचा पावसाळा लागायच्या आत बरगे काढून नदी मोकळी करायची. महाराष्ट्रभर ‘कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा’ म्हणतात तो हाच. यात गंमत अशी की बांधकाम सोपं, पण चालवणं अवघड. बरगे काढायला उशीर झाला तर पहिल्याच पुरात पाणी तुंबतं, आणि घालायला उशीर झाला तर उन्हाळ्यात पिकं वाळतात.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरची ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ आहे. पण पाणी ४३ फुटांवर गेलं की ते कोणत्या गल्लीत कुठवर येतं, पूररेषा कशी आखतात, पुलाच्या भरावामुळे फुगवटा किती वाढतो, हे मोजायला हायड्रॉलिक्स, सर्वेक्षण आणि नकाशाचं सॉफ्टवेअर लागतं. हे सगळं सिव्हिलच्या अभ्यासक्रमात आहे. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे बघायला सहल नेतात तेव्हा फोटो काढा, पण ते दरवाजे माणसाशिवाय कसे उघडतात हेही समजून घेऊन परत या.

केमिकल आणि फूड टेक्नॉलॉजी यांत फरक काय? दोन्हीत रसायनंच की.

पाया बराच सारखा. उष्णता एका ठिकाणाहून दुसरीकडे कशी जाते, द्रव पाइपातून कसा वाहतो, बाष्पीभवन, गाळण हे दोन्हीकडे आहे. केमिकलवाला पुढे साखर कारखाना, मळीपासून इथेनॉल, रंग, औषधं, सांडपाणी प्रक्रिया अशा बाजूला जातो. फूडवाल्याला त्याच्या जोडीला सूक्ष्मजीवशास्त्र, पोषण, पॅकेजिंग आणि अन्न सुरक्षेचे कायदे शिकावे लागतात. तो माल कुणाच्या तरी पोटात जाणार असतो, त्यामुळे निकष बदलतात.

उदाहरण आपल्या गुऱ्हाळाचं. काहिलीत (मोठ्या कढईत) उसाचा रस उकळत असतो, चुना घालून आम्लता सांभाळतात, भेंडीच्या रोपाचा चिकट रस घालून रसातला मळ वर आणतात आणि तो काढून टाकतात. पाक तयार झाला की नाही हे गुळव्या ठरवतो. थोडा पाक थंड पाण्यात टाकून बोटाने गोळी वळते का बघतो, आणि बहुतेक वेळा त्याचा अंदाज चुकत नाही. त्या क्षणी तापमापी लावली तर ती ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास दाखवते. केमिकलवाला विचारेल, चुलीत चिपाड जळतं त्यातली किती उष्णता खरंच काहिलीला मिळते आणि किती धुराड्यातून जाते? फूडवाला विचारेल, रंग उजळ दिसावा म्हणून घातलेली पावडर गुळात किती उरते, आणि पावसाळ्यात ढेप पाझरू नये म्हणून ओल किती असावी? दोघांनीही गुळव्याशेजारी बसून शिकण्यासारखं बरंच आहे, हे माझं वैयक्तिक मत.

फूड टेक्नॉलॉजी म्हणजे हॉटेल मॅनेजमेंट नव्हे, हेही एकदा सांगून ठेवतो. दर वर्षी कुणीतरी विचारतंच.

कॉम्प्युटर मिळालं नाही तर इलेक्ट्रॉनिक्स घ्यावं का?

‘मिळालं नाही म्हणून’ घेणार असाल तर दोनदा विचार करा. इलेक्ट्रॉनिक्सला गणित भरपूर आहे, सिग्नल्सचा विषय भल्याभल्यांना घाम फोडतो. पण सर्किट जोडायला, सोल्डरिंगला, मायक्रोकंट्रोलरशी खेळायला आवडत असेल तर इथला माणूस कोडिंगही शिकतो आणि हार्डवेअरही. उलट दिशेने जाणं तितकं सोपं नसतं.

प्रवेशासाठी पात्रता आणि परीक्षा कोणती?

बारावी विज्ञान, भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय हवेतच. ठरलेल्या विषयांत खुल्या गटाला किमान ४५ टक्के, महाराष्ट्रातल्या राखीव गटांना ४० टक्के. आणि एमएचटी-सीईटीचा पीसीएम गट. त्यात भौतिकशास्त्र ५०, रसायनशास्त्र ५०, गणित १०० असे २०० गुण. गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न रिकामा सोडू नका. प्रश्न साधारण २० टक्के अकरावीचे, ८० टक्के बारावीचे. अखिल भारतीय जागांसाठी जेईई मेन चालते.

९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण का?

नाही. परीक्षा अनेक सत्रांत होते. तुमच्या सत्रातल्या १०० पैकी ९० जणांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी, असा त्याचा अर्थ. गुण २०० पैकी १०० च्या आसपास असूनही पर्सेंटाइल चांगलं येऊ शकतं. त्यामुळे पेपर देऊन आल्यावर पोराला ‘किती पडतील’ म्हणून छळण्यात फायदा नाही.

पसंतीक्रम कसा भरायचा?

खरोखर जे हवं ते वर. एवढंच. ‘आपल्याला ते लागणारच नाही’ म्हणून चांगला पर्याय खाली ढकलणं ही सर्रास होणारी चूक. वरचा पर्याय न लागल्याने खालच्याची संधी कमी होत नाही. पण पहिल्या क्रमांकावर भरलेलं कॉलेज लागलं तर ती जागा आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांत बदल करता येत नाही. म्हणून पहिल्या नंबरवर हौस म्हणून काहीही टाकू नका. फेऱ्या किती आणि कोणत्या फेरीत कितव्या पसंतीपर्यंतची जागा स्वीकारावीच लागते, हे नियम अलीकडे बदलले आहेत. पुस्तिकेतलं ते पान दोनदा वाचा.

नेट कॅफेत बसून, शेवटच्या संध्याकाळी, मागे रांग असताना फॉर्म भरू नका. घरी कागदावर यादी करा, मग भरा.

कागदपत्रांत अडकायला होतं ते कुठे?

जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमिलेअर. दहावी-बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र बहुतेकांकडे असतं. पण वैधतेसाठी समितीकडे अर्जच केलेला नसतो, आणि जूनमध्ये केला तर ती हातात पडेपर्यंत फेऱ्या संपतात. अकरावीतच अर्ज करा. नॉन-क्रिमिलेअर त्या आर्थिक वर्षासाठी ग्राह्य हवं, ३१ मार्चची तारीख तपासा. नावातला एखादा काना-मात्रा दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरा असेल तर तो घोळ आधी निस्तरा.

विद्यापीठाचा विभाग आहे, म्हणजे फी सरकारी का?

असं गृहीत धरू नका. विद्यापीठ सार्वजनिक आहे, पण प्रत्येक अभ्यासक्रम अनुदानावर चालतो असं नाही. त्या वर्षीचं अधिकृत शुल्कपत्रक मागा आणि त्यात शिक्षण शुल्क किती, इतर शुल्क किती हे वेगळं बघा, कारण सवलती मुख्यतः शिक्षण शुल्कावर मिळतात.

वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती लागू होते, शिक्षण शुल्कात निम्मी सवलत. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, उत्पन्नाच्या अटीत बसल्यास, शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. एससी, एसटी, व्हीजेएनटी यांच्या योजना स्वतंत्र. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर, आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. टीएफडब्ल्यूएस नावाच्या पाच टक्के जादा जागा असतात, त्यांत शिक्षण शुल्क माफ. त्यालाही उत्पन्नाची तीच मर्यादा. पण तिथे एकदा प्रवेश घेतला की पुढे कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही, हे आधी माहीत असू द्या.

डिप्लोमा झालेल्यांना प्रवेश आहे?

आहे, थेट दुसऱ्या वर्षाला, सीईटीशिवाय, डिप्लोमाच्या टक्क्यांवर. विद्यापीठाजवळच शासकीय तंत्रनिकेतन आहे, तिथली मुलं दर वर्षी येतात. वर्कशॉपमध्ये ती बारावीवाल्यांपेक्षा पुढे असतात, गणितात मागे. दुसऱ्या वर्षाच्या गणिताची तयारी सुट्टीतच सुरू केली तर पहिली सेमिस्टर सुखाची जाते.

विभाग बघायला येणार आहोत. काय बघू?

इमारत बघू नका. प्रयोगशाळेत जा आणि तिथला सहायक भेटला तर त्याच्याशी बोला. मशीनजवळ वापराची नोंदवही लटकवलेली असते. शेवटची नोंद कधीची आहे ते वाचा. लेथवर ताजा किस पडलाय का, की कापड टाकून झाकलंय? प्रयोगाला किती मुलांचा एक गट, आणि प्रत्यक्ष हात किती जणांचा लागतो? एकाने वाचन घ्यायचं आणि बाकीच्यांनी उतरवून काढायचं, हे चित्र दिसलं तर समजून जा. मग शिक्षकांबद्दल विचारा: पूर्णवेळ किती, तासिका तत्त्वावर किती. हा प्रश्न अवघड वाटतो, पण महाराष्ट्रातल्या सगळ्याच सार्वजनिक विद्यापीठांत रिक्त पदांचा प्रश्न आहे आणि पालकाला तो विचारायचा हक्क आहे.

शेवटी तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या पोराला कॅन्टीनला गाठून चहा पाजा. माहितीपत्रकात नसलेलं सगळं तो दहा मिनिटांत सांगेल.

विद्यापीठाच्या आवारात शिकण्याचा वेगळा फायदा काय?

शेजार. इंजिनिअरिंग कॉलेजात सहसा आजूबाजूला इंजिनिअरच असतात. इथे चालत गेलं की भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, पर्यावरणशास्त्र, नॅनो विज्ञान. पातळ थरांच्या आणि पदार्थविज्ञानाच्या संशोधनासाठी हे विद्यापीठ ओळखलं जातं. महागडी विश्लेषण उपकरणं ‘सैफ’ या सामायिक केंद्रात आहेत, ठरलेलं शुल्क भरून नमुना तपासून घेता येतो. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला याचा उपयोग होतो, पण मुलांना ते माहीतच नसतं. आणि बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांच्या नावाचं ग्रंथालय. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तिथे जागा मिळवायची तर सकाळी लवकर जावं लागतं.

मुलगी मराठी माध्यमातली आहे. झेपेल?

झेपेल. वर्गातली निम्मीशिम्मी तिच्यासारखीच असतात. पुस्तकं आणि पेपर इंग्रजीत, पण सर-मॅडम समजावताना मराठीवर येतात. अडचण येते ती ओरलला, म्हणजे तोंडी परीक्षेला. उत्तर येत असतं, वाक्य सुचत नाही. त्यावर उपाय एकच, रोज मैत्रिणीला एक मुद्दा मोठ्याने इंग्रजीत सांगायचा.

केटी लागली तर वर्ष वाया जातं का?

एक-दोन विषय राहिले तर पुढच्या वर्षात जाता येतं. ठरावीक क्रेडिट मिळाले नाहीत तर अडकता. पहिल्या वर्षाचं गणित आणि मेकॅनिक्स साठवून ठेवू नका, तिसऱ्या वर्षी ते पुन्हा उघडायला जिवावर येतं.

राहण्याची सोय?

वसतिगृह आहे, जागा मर्यादित, प्रवेश गुणवत्तेवर आणि अंतरावर. बाकीची मुलं राजारामपुरी, सागरमाळ, सरनोबतवाडीत खोल्या घेतात. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढे समाजासमाजाची बोर्डिंगं उभी राहिली. त्यांतली काही आजही मुलांना ठेवून घेतात. दसरा चौकात जाऊन चौकशी करा. गरजू मुलांसाठी विद्यापीठाची ‘कमवा आणि शिका’ योजनाही आहे. वसतिगृह मिळालं नाही तर डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्त्यासाठी अर्ज करता येतो.

रॅगिंग?

प्रवेशावेळी विद्यार्थी आणि पालक दोघांकडून प्रतिज्ञापत्र घेतात. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे. तक्रारीचा देशव्यापी टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-५५२२. ‘सीनियर आहेत, चालायचंच’ असं पोराला सांगू नका.

प्लेसमेंट किती टक्के?

टक्के विचारू नका, शाखावार यादी मागा: कोणत्या कंपनीने किती जण घेतले, कोणत्या कामावर, आणि त्यातले किती रुजू झाले. एकाच मुलाला तीन ऑफर आल्या की कागदावर तीन नोकऱ्या दिसतात. कॉम्प्युटरवाले पुण्याला जातात हे खरं. मेकॅनिकलच्या मुलाने तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात शिरोलीतल्या एखाद्या कारखान्यात महिनाभर घाम गाळला तर मालक त्याला नावाने ओळखतो. इथल्या बऱ्याच नोकऱ्या तशाच लागतात, त्या कुठल्याच यादीत येत नाहीत.

एम.टेक. आणि पीएच.डी.?

एम.टेक. दोन वर्षांचं. गेट (एम.टेक.साठीची देशपातळीवरची परीक्षा) दिली असेल तर मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती मिळू शकते, म्हणून बी.टेक.च्या शेवटच्या वर्षी गेट द्याच, नोकरी हातात असली तरी. पीएच.डी.साठी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा किंवा नेट-सेटसारखी पात्रता लागते, आणि नंतर मार्गदर्शक. विषय घेऊन मार्गदर्शकाकडे जा, ‘सर, एखादा टॉपिक द्या’ म्हणून जाऊ नका.

पहिल्या वर्षानंतर शाखा बदलता येते?

जागा रिकामी असेल आणि पहिल्या वर्षाचे गुण वरचे असतील तर येते. त्या भरवशावर नको ती शाखा घेऊ नका.